पळणारी कड

आज नाशिकच्या बाजारात सुकटीचा वास आला आणि अलिबागचा तो मे महिन्यातला रविवार आठवला. माणसं तीन: मी, बायको सुनंदा आणि सहा वर्षांची मुक्ता. किनाऱ्यावरचा खर्च शून्य, कारण समुद्र फुकट.

"पाण्याच्या कडेला थांब, हलू नकोस," असं मुक्ताला बजावून आम्ही सुरूच्या सावलीत टेकलो. नाशकात गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, तिला हेच सांगायचो. आमच्या गोदावरीची कड म्हणजे दगडी पायरी, ती जागची हलत नाही. प्रवासाच्या शिणाने आमचा डोळा लागला. जाग आली तर समोर नुसती ओली वाळू. पाणी नाही, मुक्ताही नाही.

"अहो, पोरगी कुठंय?" सुनंदा किंचाळली. मी हाका मारत धावलो. लांबच्या प्रत्येक लाटेत मला तिचा लाल फ्रॉक बुडताना दिसत होता. खूप लांब, ओहोटीच्या पाण्यापाशी ती खरोखर उभी होती.

"बाबा, मी कडेलाच आहे," ती रडवेली होऊन म्हणाली. "कडच पळतेय!"

आता ती हे हसून सांगते. मला अजून हसू येत नाही.

त्या दिवशी शेवटी परत यायला पन्नास रुपये घोडागाडीवाल्याला दिले. मुक्ता चालत यायला तयार होती, पाय माझे उचलत नव्हते.