पाणी नीट जात नाही

रोज सकाळी कामावर निघण्याआधी तो स्वयंपाकघरातला नळ आवळायचा. नळ गळत नसे. तरी मूठ घट्ट फिरवून तो खाली तळहात धरायचा, आणि हात कोरडा राहिला की पान्यांची पिशवी खांद्याला लावायचा.

"एक दिवस गळा आवळाल त्याचा," बायको म्हणायची.

"म्हणूनच गळत नाही," तो म्हणायचा.

आसपासच्या इमारतींत सगळे त्याला 'नळवाले भावजी' म्हणत. जिभेवर मिठास होती, पण एका गोष्टीवर त्याची दातखीळ बसायची. साखरेचा आजार जडून बरीच वर्षं झाली होती. अलीकडे बायकोजवळ असताना सगळं पूर्वीसारखं होई, शेवटही होई, पण बाहेर फारसं काही येत नसे.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे तो गेला तेव्हा दार अर्धं उघडं होतं आणि बाहेरच्या बाकावर त्याचीच गिऱ्हाइकं बसली होती, ओळखीची. तो खालच्या आवाजात म्हणाला, "पाणी नीट जात नाही." दिवसभर तोंडात घोळणारं वाक्य होतं ते, सहज निघालं. डॉक्टरांना वाटलं, लघवी अडते. त्यांनी मूत्राशयाचं तोंड सैल करणारी गोळी लिहून दिली. मग जे थोडंफार येत होतं तेही बंद झालं. औषध लागू पडायला वेळ लागतो, असं समजून तो ती नेमाने घेत राहिला.

मूल होत नव्हतं. तपासण्या मात्र बायकोच्याच चालल्या. त्याची थोरली बहीण एकदा तिच्यासमोरच म्हणाली, "हिला चांगल्या डॉक्टरला दाखव रे. आपल्याकडे कुणाला असलं काही नव्हतं." तो म्हणाला, "हं."

बाईडॉक्टरांनी त्याचा नमुना मागितला की कधी कुणाची टाकी फुटली, कधी कुणाचं न्हाणीघर तुंबलं. शेवटी बायकोच्या पोटात दुर्बीण घालून बघायचं ठरलं. त्या सकाळी ती दवाखान्याचा सैल झगा घालून खाटेवर बसली होती. हाताला सुई लावलेली, मनगटापर्यंत जुने निळे डाग.

"डॉक्टर, थांबा," तो म्हणाला. "माझं पाणी... लघवी नव्हे. दुसरं. ते येतच नाही बाहेर."

बायकोने मान वर केली. बाईंनी नर्सला बाहेर पाठवून दार लावलं.

"शेवट होतो?"

"होतो. कोरडा."

"नंतरची लघवी गढूळ?"

"हो."

"औषधं कुठली घेता?"

त्याने पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढली. बाईंनी ती उलटसुलट करून पाहिली.

"वीर्य यायच्या वेळी मूत्राशयाचं तोंड मिटावं लागतं. साखरेमुळे नसा दुबळ्या झाल्या की ते मिटत नाही, आणि वीर्य मागे जातं. ही गोळी त्याला आणखी सैल करते. ती आजपासून बंद. उद्या उपाशीपोटी या, साखर बघू. मग लघवीत शुक्राणू मिळतात का तेही. औषधाने काहींना फरक पडतो, काहींना नाही. नाही पडला तरी मुलासाठी दुसरे मार्ग आहेत. याने जीव जात नाही आणि पुरुषपणही."

"म्हणजे झडप बसत नाही."

"तसंच. हे आधी बोलायचं होतं."

दुर्बीण तूर्त राहिली. नर्सने येऊन सुई काढली. बायको कापसाचा बोळा दाबून बसली.

"आणि तुमचं ते 'हं'?" तिने विचारलं.

परतताना ती चार पावलं पुढेच चालत राहिली. संध्याकाळी तिच्यासमोर बसून त्याने बहिणीला फोन लावला. "ताई, दोष माझ्यात आहे," एवढंच म्हणाला. बायको भाजी चिरत होती. तिने वर पाहिलं नाही.

दुसऱ्या सकाळी त्याने नळ आवळला. ती चप्पल घालून बरोबर निघाली.

दवाखान्यात नर्सने नेहमीच्या सवयीने बायकोचंच नाव पुकारलं, आणि तीही सवयीने बाही वर सारत उठली.

"तू बस," तो म्हणाला. "आज सुई माझी आहे."