नवं संशोधन

मंगळवारी सकाळी काका गेले. त्या दिवसापासून आमच्या घरी आलेला दुधी थेट चिरला जातो.

न सुटलेल्या प्रश्नात इतक्या सुखाने राहणारा माणूस भोपाळात दुसरा नसेल. माझ्या वडिलांचे हे धाकटे भाऊ नागपूरहून इथल्या कारखान्यात इंजिनीयर म्हणून आले आणि निवृत्त झाल्यावर आकाशातल्या दीर्घिकांच्या मागे लागले. साध्या दीर्घिकांना ते विचारत नसत. जिच्या पोटातलं अजस्र कृष्णविवर भोवतालचा वायू गिळतं आणि त्यातला काही झोतासारखा बाहेर फेकतं, अशी सक्रिय दीर्घिकाच त्यांना लागे. त्या झोतातून गॅमा किरण येतात. ते विवराजवळून निघतात की झोतात फार पुढे गेल्यावर, हा त्यांचा घरगुती प्रश्न होता. जवाहर चौकात दोन दुधी समोरासमोर मांडून ते झोत दाखवत, आणि भाजीवाला "बाबूजी, लेना है कि नहीं?" म्हणेपर्यंत मधोमध कृष्णविवर म्हणून कांदा ठेवून झालेला असे. काकू म्हणत, "आधी गॅसचा सिलिंडर कुठे अडकलाय ते शोधा." पाहुणे झोतापर्यंत पोचायच्या आत चपला शोधू लागत. कोणीतरी एकदा शेवटपर्यंत ऐकावं, एवढीच काकांची इच्छा होती.

म्हणून त्यांनी व्याख्यान ठरवलं. वसाहतीच्या सभागृहाबाहेर फळ्यावर स्वतःच्या हिंदीत लिहिलं: 'सेवानिवृत्त साथियों के लिए नया संशोधन'. गॅमा किरण खाली, उरलेल्या जागेत, बारीक अक्षरांत. मराठीत संशोधन म्हणजे शोध आणि हिंदीत नियमांतली दुरुस्ती, हे इतकी वर्षं भोपाळात राहूनही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. रविवारी सकाळी सभागृह भरलं. निवृत्तांच्या औषधपाण्याचे नियम बदलले असं समजून लोक डॉक्टरांच्या चिठ्ठ्या घेऊन आले होते.

"भाईसाहब, संशोधन कब से लागू है?" पहिल्या रांगेतून शेजारच्या दुबेजींनी विचारलं.

"अरबों साल से," काका म्हणाले.

घोटाळा उघड झाला तशा खुर्च्या सरकू लागल्या. काकांनी घाईघाईने एक फुगा फुगवला. "ये गॅमा किरण है. हबीबगंज स्टेशन की भीड़ में से बिना फूटे निकलेगा?" विवराजवळ प्रकाशाचीच इतकी गर्दी असते, की तिच्यावर आदळून हा किरण संपायला हवा. म्हणजे तो दुरून निघत असणार. पण मग तो भराभर कमीजास्त कसा होतो? त्यासाठी जागा लहान लागते, आणि झोत तर पुढे पसरत जातो.

उठलेले दुबेजी खाली बसले. "पास का मानो तो फूटता है, दूर का मानो तो टिमटिमाता नहीं. फिर निकलता कहाँ से है?"

याच प्रश्नासाठी काका इतकी वर्षं थांबले होते. "किसी को पक्का पता नहीं," त्यांनी अशा विजयी सुरात सांगितलं की सभागृहात टाळ्या पडल्या. कोणी जागचं हललं नाही. मागच्या रांगेतून काकू म्हणाल्या, "आता बसा. ऐकलं सगळ्यांनी." घरी येताना काका रस्त्याच्या मधून चालले, आणि फुगा शेवटपर्यंत फुटला नाही.

आता दुबेजी कधीमधी फाटकाशी थांबतात. "बिटिया, कुछ संशोधन हुआ?" असं विचारतात, मराठी अर्थाने.

"अजून नाही," मी सांगते.

प्रश्न तसाच आहे. तो विचारणारे आता आम्ही दोघं आहोत.