कावळा, भट्टी, म्हातारी

नवऱ्याला हे माहीत नाही. बहिणीला नाही. ज्याला सगळ्यात आधी माहीत असायला हवं होतं, त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय — आणि विषय पत्त्यांचा आहे, तेव्हा हसायचं तर आत्ताच हसून घ्या. पस्तिशी उलटलेली बाई, आठवडाभर विम्याचे क्लेम तपासते आणि रविवारी मीरा रोडला एका स्टेशनरीच्या दुकानाच्या माळ्यावर ड्रॅगन आणि जादूगारांचे पत्ते खेळते. हो, खेळते. त्यात काय?

हे रमीसारखं नाही. इथे ढीगभर पत्त्यांतून निवडून ज्याने त्याने आपापला डेक बांधायचा. बहुतेक जण मोठाले राक्षस भरतात आणि हाणामारी करतात. काहींना मात्र कॉम्बोचं वेड लागतं — एकेकटे कुचकामी असलेले दोन-तीन पत्ते असे जुळवायचे, की एकत्र आले की चक्र सुरू होतं आणि समोरचा जागीच संपतो. मनोज त्या वेड्यांतला. इथल्याच राई गावचा, माझ्या शाळेतला.

आणि मी? माळ्यावर नियम म्हटला की मी. वाद झाला की सगळे माझ्याकडे बघणार. मला ते आवडायचं — खोटं कशाला बोलू, अजून आवडतं.

दर रविवारी मनोज नवा कॉम्बो घेऊन यायचा. काय बोलायचा हा माणूस! पत्ते मांडायचा, मध्येच उचलायचा, "थांब थांब, पयल्यापासून सांगतो," म्हणून परत मांडायचा. माझा चहा निवायचा. मग मी चूक काढायची — नाही चालत. तो खो खो हसायचा आणि पुढच्या रविवारी नवं काहीतरी घेऊन हजर. वर्षानुवर्षं हेच. चुकल्याची लाज कशी वाटत नाही एखाद्याला? मला तर एवढी वाटते की मी स्वतःचा डेक कधी बांधलाच नाही. नेटवर जिंकलेल्यांचे डेक बघायचे आणि जसेच्या तसे उतरवायचे. कोण बोट ठेवणार?

ठाण्याच्या मोठ्या स्पर्धेला थोडे दिवस उरले होते. मनोजला तिथे स्वतःचा डेक न्यायचा होता, एकदा तरी. त्याने माझ्यासमोर तीन पत्ते मांडले. कावळा, भट्टी, म्हातारी — आम्हीच ठेवलेली नावं. कावळा भट्टीत टाकायचा, समोरच्याचा एक प्राण जातो. आपलं कुणी मेलं की म्हातारी आपल्याला एक प्राण देते. आणि तोच प्राण किंमत म्हणून मोजला की मेलेला कावळा परत येतो. परत भट्टीत. परत म्हातारी. परत कावळा.

"वैशे, आता बोल. चालतंय का न्हाय?"

मी पत्ते उचलून वाचले. पुन्हा वाचले. चूक शोधत होते — आणि चूक नव्हती. कुठेच नव्हती. हा बडबड्या, हा गबाळा, यानं हे स्वतःच्या डोक्यातून काढलं होतं, आणि माझ्या तोंडात ते दोन शब्द तयारच होते.

नाही चालत, मी म्हणाले. मेलेला कावळा त्याच खेपेला परत येत नाही. पत्त्यावर नसतं ते लिहिलेलं, मोठ्या नियमपुस्तकात आहे.

असं काही नाही नियमपुस्तकात. बोलताना मला ते पक्कं माहीत होतं.

त्याने उघडून बघावं की नाही? फोन हातातच होता! पण नाही — वैशालीनं सांगितलं ना. त्या दिवशी तो हसला नाही. पत्ते गोळा केले. "सॉरी गं, तुजा टाइम खाल्ला," म्हणाला. ठाण्याला तो मी उतरवून दिलेला डेक घेऊन गेला आणि दुपारच्या आत हरून परतला.

काही महिन्यांनी परदेशातल्या कुणीतरी याच तीन पत्त्यांवर मोठी स्पर्धा जिंकली. मनोज व्हिडिओ घेऊन धावत आला. आता सांगायचं होतं ना? समोर उभा होता, दुसरं कुणी नव्हतं. मी म्हणाले, मध्यंतरी नियम बदलला.

केवढा खूश झाला! "म्हंजे डोकं बराबर व्हतं, टायमिंग चुकला." वैताग येतो हो अशा विश्वासाचा. जरा संशय घेतला असता, भांडला असता, तर मी कदाचित — नाही. तो भांडला असता तरी मी रेटलंच असतं. मला मी माहीत आहे.

आता माळ्यावर कुणी नवीन आलं की तो हा किस्सा सांगतो. आपला डेक जगाच्या आधी बांधून झाला व्हता, पन तवा नियम आडवा आला. इचारा हिला. मग सगळे माझ्याकडे बघतात आणि मी मान डोलावते. गेल्या रविवारीही डोलावली.

मनोजने त्यानंतर स्वतःचा एकही डेक बांधलेला नाही. मी देते तो खेळतो. आपल्याला न्हाय जमत, म्हणतो.

त्याला जमलं होतं. त्या दुपारी, टेबलावर, माझ्या डोळ्यांसमोर जमलं होतं, आणि ते कळलेली मी एकटीच होते.