धोंडूला लावलेली हळद

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुमच्या आबांना नाही, तुमच्या आईलाही नाही. यमुनाबाईंना सांगावं लागलं नाही, कारण धुणीभांडी करायला येतात तशा त्या तेव्हा घरातच होत्या. पण त्यांनाही अर्धंच माहीत आहे. उरलेलं अर्धं फक्त माझ्याजवळ आहे. इरा, हे मुख्यतः तुझ्यासाठी. नील, तू तेव्हा इतका लहान होतास की बेडकाला 'बेबूक' म्हणायचास.

इरा, परवा तू फोनवर विचारलंस — आजी, हळद तेलात कालवायची की तुपात? नीलने पाळलेल्या बेडकाच्या पोटावर लाल चट्टा उठलाय, तो काही खात नाही, आणि आजीने धोंडूला बरं केलं तसंच याला करायचं, असं तुम्ही दोघांनी ठरवलेलं. मी काय केलं? "हॅलो, हॅलो" म्हणाले आणि फोन बंद केला. आलापल्लीत नेटवर्क जातं हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून तुम्हाला काही वाटलं नसेल. परवा नेटवर्क गेलं नव्हतं.

मग माझीच मला लाज वाटली आणि मेसेज केला — हळद लावू नका, तेल-तूप काही नको, डॉक्टरांना दाखवा. तुझं लगेच उत्तर आलं : ठीक आहे, पण का?

त्या 'का'चं उत्तर द्यायला बसले आहे. एका वाक्यात देता येईल. पण इतकी वर्षं ज्याला वळसा घालत आले, ते असं एकदम तोंडातून निघेल का? मला थोडं मागे जावं लागेल.

तू चौथीत होतीस. त्या सुट्टीत तुम्ही आलात तेव्हा पावसाने ओढ दिली होती आणि धानाची रोवणी अडली होती. म्हणून मोहल्ल्यातल्या पोरांनी धोंडी काढली. मुसळाला कडुलिंबाचा पाला बांधायचा, मध्ये एक जिवंत बेडूक बांधायचा आणि दारोदार पाऊस मागत फिरायचं. घरच्या बाईने मुसळावर तांब्याभर पाणी ओतायचं आणि पोरांना धान्य द्यायचं. मी लग्न होऊन इथे आल्यापासून ओततेय. बेडकाकडे कधी बघितलं नव्हतं. तू बघितलंस. मुसळ धरून उभी राहिलीस आणि सोडेचनास. "बाई, टाका ना पाणी, उशीर होऊन राह्यला आमाले," म्हणून पोरं घाई करत होती. शेवटी त्यांना धान्यावर डबाभर लाडू दिले आणि बेडूक आपला झाला. तुम्हीच त्याचं नाव धोंडू ठेवलंत.

त्याच्या पाठीवर जन्मजात पिवळी रेघ होती, आणि कमरेत सुतळी रुतून कातडी सोलली गेली होती. तो हलत नव्हता, नुसता गळा हलायचा. तू म्हणालीस, मोरीमागे ओला चिखल आहे, तिथे ठेवू आणि पाणी शिंपडत राहू. मी नको म्हटलं. जखमेत चिखल? वर्गात इंग्रजीचं पुस्तक उघडण्याआधी मुलांची नखं तपासणारी बाई मी! मी स्टीलचा डबा उकळत्या पाण्याने धुतला, कोरडा पुसला, आत कापूस पसरला. गोडेतेलात हळद गरम केली, कोमट होऊ दिली आणि बोटाने धोंडूला लावली. नुसती जखमेवर नाही — आणखी कुठे खरचटलं असेल म्हणून पाठीला, पोटाला, पायांना, सगळीकडे. तुमचे गुडघे फुटले की मी हेच लावत होते. मग यालाही का नाही?

तू डब्याशी बसून होतीस. म्हणालीस, "आजी, तो सुकतोय गं."

मी म्हटलं, "तुला जास्त कळतं की मला?"

संध्याकाळी मी देवापाशी असताना तू गुपचूप पेल्याने त्याच्यावर पाणी शिंपडलंस. मी ओला कापूस पाहिला, तुला रागावले, कोरडा कापूस घातला आणि पुन्हा हळद लावली. हे सगळं तू विसरली असशील. मी विसरलेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही नागपूरला विमानासाठी निघालात. दुपारी मी डबा उघडला. धोंडू कापसाला चिकटला होता, कातडी ताणून वाळलेली, आमसुलासारखी. आणि मी काय करावं? हळदीची वाटी घेऊन आले. यमुनाबाई फरशी पुसत होत्या. त्यांनी डब्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "मेला थो, बाई. आता काऊन हळद लावता त्याले? नवरदेव हाये का?"

तेवढ्यात फोन वाजला. तू विमानतळावरून बोलत होतीस. पहिला प्रश्न — धोंडू कसा आहे?

मी म्हटलं, "मस्त आहे. उड्या मारतोय."

इथवरचं यमुनाबाईंना माहीत आहे. आणि इथवर कुणी मला फार दोषही देणार नाही. लांब निघालेल्या पोरीला रडवायचं कशाला, असं कुणीही म्हणेल. पण मी तिथे थांबले नाही. यमुनाबाई बादली घेऊन अंगणात गेल्या होत्या, आणि मी पुढे म्हणाले, "बघ, हळदीनेच गुण आला की नाही? तुझं ऐकलं असतं तर मेला असता."

हे ते वाक्य. याची काय गरज होती? तू मागितलं नव्हतं. तुझ्या समाधानासाठी ते नव्हतंच. डबा उघडताक्षणी मला कळलं होतं की तुझं बरोबर होतं आणि माझं चुकलं. नऊ वर्षांची नात बरोबर निघाली, हे मला सोसवलं नाही. म्हणून मी तुझं बरोबर असणं काढून घेतलं आणि स्वतःला लावून घेतलं.

पुढचं तर हसण्यासारखं आहे. तुला व्हिडिओवर धोंडू बघायचा असायचा. पावसाळा मग चांगलाच लागला होता, मोरीत बेडकांना तोटा नव्हता. यमुनाबाई एक धरून डब्यात घालायच्या. "हा जरासा मोठा हाये, बाई. पोरीले समजन," म्हणायच्या, आणि मग स्वतःच तोड सुचवायच्या — "सांगा, तिकडं तुम्ही गेले अन् इकडं हा खाऊन-पिऊन फुगला." तू पडद्याला डोळे लावून बघायचीस. एकदा विचारलंस, त्याच्या पाठीवरची पिवळी रेघ कुठे गेली? मी म्हटलं, नवीन कातडी आली की रेघ जाते. तू म्हणालीस, अच्छा. तुझे डोळे बरोबर पाहत होते, आणि मी त्यांनाही खोटं पाडलं. पावसाळा संपता संपता सांगून टाकलं की धोंडू बोडीवर, गावच्या तळ्यावर, निघून गेला. बेडूक धरायचा त्रास वाचला.

मला वाटलं, संपलं. पण तू ती गोष्ट जपलीस. चंद्रपूरला मामाच्या लग्नात सगळ्यांसमोर सांगितलीस — मी तर त्याला चिखलात घालून मारणारच होते, आजीने वाचवला. सगळे हसले. मी काय केलं? मीही हसले आणि कुणाला तरी जिलबी वाढली. कॉलेजात गेल्यावरही तू एखादी गोष्ट अगदी बरोबर सांगतेस आणि मग घाईने म्हणतेस, "अर्थात, मला काय कळतं." त्याचा याच्याशी संबंध असेल की नसेल? मला माहीत नाही. पण ते ऐकलं की मला त्या डब्याजवळचा माझा आवाज ऐकू येतो.

आज सकाळी नीलचा मेसेज आला. बेडूक डॉक्टरांकडे आहे, त्याला औषधाच्या पाण्यात ठेवलंय, आणि त्याने एक किडा खाल्ला. मी तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. मग कागद घेतला.

तर इरा, तुझ्या 'का'चं उत्तर : बेडूक कातडीनेच पाणी पितो. मी त्याची कातडी तेला-हळदीने बुजवली आणि त्याला कोरडं ठेवलं. धोंडू बरा झाला नाही, तो माझ्या हातून मेला. तू जे सांगत होतीस ते बरोबर होतं. ते मला त्याच दुपारी कळलं होतं, आणि तरी मी तुला उलटं सांगितलं.

आबा बाहेरच्या खोलीत पेपर वाचताहेत. आधी त्यांना वाचून दाखवते, मग पानांचे फोटो काढून तुम्हाला पाठवते. यमुनाबाईंनी ताटं वाढून ठेवली आहेत. परवापासून नीट जेवले नव्हते. आता भूक लागली आहे.