भामाबाईची इटली

टूर कंपनीच्या त्या कार्यालयात एसी एवढा गार होता की भामाबाईनं पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला. शेजारी मुलगा सूरज, सून पल्लवी आणि कॉलेजात शिकणारी नात स्वप्नाली. टेबलापलीकडचा टाय लावलेला तरुण नकाशावर पेन फिरवत होता. रोम, फ्लॉरेन्स, पिसा, व्हेनिस. रोज संध्याकाळी वरणभात. सोबत मराठी बोलणारा मॅनेजर, त्याच्या हातात झेंडा. झेंड्यामागं चालत राहायचं, बाकी काही बघायचं नाही.

"आजी, तुम्हाला काही विचारायचंय?" सगळं सांगून झाल्यावर त्यानं रीत म्हणून विचारलं.

"मेंढरं कुठल्या दिवशी?" भामाबाई म्हणाली.

पोरगं हसलं. पल्लवीनं मान खाली घातली. सूरज घाईनं म्हणाला, "न्हाई न्हाई, ती अशीच बोलती."

"अशीच न्हाई बोलत," भामाबाई म्हणाली. "तिथं डोंगरात मेंढरं हायती. मी बघितल्यात, स्वप्नीच्या फोनात. ती मला बघायचीत."

"आजी, तिकडं बघण्यासारखं काही नसतं हो."

"बघायचं मला हाय का तुला?"

त्या दिवशी बुकिंग झालं नाही.

भामाबाई मूळची आटपाडीकडची. मूळची म्हणजे तिच्या माणसांचं गाव तिकडं. ती स्वतः जन्मली खंडाळ्याच्या अलीकडं, कुणाच्या तरी काढून झालेल्या हरभऱ्याच्या रानात, वाटेवर. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन बाहेर पडायचं, घोड्यावर बिऱ्हाड टाकायचं, आज ह्याच्या रानात मेंढरांचा वाडा बसवायचा, उद्या त्याच्या. पावसाळ्याच्या तोंडाला परत. लग्न झालं तेही तसल्याच घरात. बिराप्पा माणूस गरीब होता, गरीब म्हणजे स्वभावानं. कुणी आवाज चढवला की हात जोडायचा.

सूरज अंगावर पीत होता त्या साली कृष्णाकाठच्या एका गावात मेंढरं उसात शिरली. मालकानं माणसं आणून सगळा कळप हाकत नेला आणि कोंडवाड्यात घातला. बिराप्पा दारोदार हात जोडत फिरला. भामाबाई कोंडवाड्याच्या फाटकाला पाठ लावून बसली, पोरगं मांडीवर. आत मेंढरं ओरडत होती, बाहेर ही गप्प. दुसऱ्या दिवशी सरपंच आला, म्हणाला, "बाई, असं बसू नगंस. घरी जा."

"घर आत कोंडलंय," ती म्हणाली. "सोडा, मग जाते."

ऊन कलायच्या आत फाटक उघडलं. नुकसान म्हणून दोन मेंढरं ठेवून घेतली आणि बाकीचा कळप सोडला. बिराप्पा पुढं कितीतरी वर्षं ती गोष्ट सांगताना आवाज खाली घ्यायचा, जणू बायकोनं काही चोरलं होतं.

आणि ज्या कळपासाठी ती फाटकाला पाठ लावून बसली तो कळप एके दिवशी गेला. सूरज तेव्हा वीस-बावीसचा होता. गलाईचं काम, म्हणजे जुनी चांदी वितळवून शुद्ध करायचं काम, शिकायला तो तामिळनाडूत जाऊन आला होता आणि आता स्वतःचं दुकान टाकायचं होतं. भामाबाई भावाच्या पोरीच्या लग्नाला माहेरी गेलेली. परत आली तर वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायचं जाळं, रिकामी. बाप-लेकांनी मेंढरं विकली होती.

"मला इचारायचं तरी," ती म्हणाली.

"त्यात इचारायचं काय?" बिराप्पा म्हणाला.

दुकान चाललं, ही गोष्ट खरी. सूरजनं सांगलीत घर बांधलं. गावाकडं पाणी आलं, तिच्या नावावर जमिनीचे जे चार तुकडे होते त्यांत डाळिंबं लागली. बिराप्पा वारल्यावर ती लेकाकडं राहायला आली. तिला कशाचं कमी नव्हतं. पण सोफ्यावर बसली की तिचे पाय आपोआप वर यायचे, मांडी घालून बसायची, आणि दार वाजलं की पल्लवी हळूच सांगायची, "आत्या, पाय खाली घ्या जरा, कोणतरी आलंय."

लग्नाला पंचवीस वर्षं होणार म्हणून सूरज-पल्लवीनं इटली ठरवली. आईला आधी गावाकडंच ठेवायचं होतं. पण एका दुपारी स्वप्नालीनं आजीला फोनवर एक व्हिडिओ दाखवला. गवताची रुंद वाट, वाटेवर पांढऱ्या मेंढरांचा लोट, कडेनं काठी घेतलेली माणसं, भलीथोरली पांढरी कुत्री. भामाबाईनं फोन हातात घेतला तो सोडलाच नाही.

"ह्ये कुठलं?"

"इटलीचंच. अब्रुत्सो म्हणतात तिकडं. शेकडो वर्षं हे लोक असेच मेंढ्या घेऊन वर-खाली जात होते. आता थोडेच राहिलेत."

"ह्यास्नी मोटारीनं जायला यीत न्हाई व्हय? पैशेवालं दिसत्यात."

"येतं की. बरेचसे ट्रकनंच नेतात आता. हे अजून चालतात."

तिनं व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. संध्याकाळी जेवताना सगळ्यांसमोर म्हणाली, "मी बी येणार इटलीला."

आणि आता टूर कंपनीतून परत आल्यावर खरी ठिणगी पडली. सूरज चप्पल काढायच्या आधीच बोलला.

"आई, शाळेत मला मेंढक्या म्हणायची पोरं. बाकावर शेजारी बसायची न्हाईत, वास येतो म्हणायची. जन्मभर त्या मेंढरांतनं बाहेर पडायला धडपडलो मी. आणि आता विमानानं सातासमुद्रापलीकडं जाऊन परत मेंढरंच बघायची? लोक काय म्हणतील?"

"तू भाईर पडलास," भामाबाई म्हणाली. "चांगलं झालं. मी न्हाई पडले. मला उठवलं."

"कुणी उठवलं?"

उत्तराला न थांबता तो आत गेला.

पल्लवीनं मधला मार्ग काढून बघितला. "आत्या, आपण सगळं बघू, आणि मेंढ्या काय, बसच्या खिडकीतून दिसतीलच की."

"खिडकीतनं बघायला मी काय कोंबडी हाय? तुमी जावा झेंड्यामागं. मी आणि स्वप्नी येगळं जाऊ. डाळिंबाची बाग माझ्या नावावर हाय, कुणाला इचारायची गरज न्हाई मला."

हे तिनं ओरडून सांगितलं नाही. ताक घुसळावं तशा एका लयीत सांगितलं, म्हणून घरातले घाबरले. आठवडाभर सूरज कुढत राहिला. मग एकदा चहा पिताना, कुणाकडं न बघता, स्वप्नालीला म्हणाला, "बघ तिकडचा कोण माणूस मिळतोय का. टूर नको. आपल्यापुरता गाईड."

स्वप्नालीनं शोधून काढली ती माणूस नव्हे, बाई निघाली. ओर्नेल्ला तिचं नाव. पन्नाशीची, केस कापलेली, त्याच डोंगरातल्या एका खेड्यात राहणारी. व्हिडिओ कॉलवर सगळं घर फोनभोवती जमलं. ओर्नेल्लाचं इंग्रजी थांबत थांबत यायचं, ते स्वप्नाली मराठीत आणायची.

"ती म्हणते, आधीच सांगते, हा तमाशा नाही. ते लोक आपल्यासाठी नाचून दाखवणार नाहीत, थांबणारही नाहीत."

"थांबतील ते मेंढकं कसलं?" भामाबाई म्हणाली. "तिला सांग, मला पटली बाई."

"आणि विचारते, आजी किती चालू शकतील?"

सूरज म्हणाला, "सांग, जास्त न्हाई."

"खरं ते सांग. पयल्यासारखं न्हाई जमत. गुडघा बोलतोय. पण बसत-उठत चालीन."

ओर्नेल्ला हसली आणि तिनं स्वतःचा गुडघा वर करून कॅमेऱ्याला दाखवला. त्यावर पट्टा होता.

मग सुरू झाली ती तयारी. पासपोर्टसाठी जन्मठिकाण लिहायचं होतं. सूरज म्हणाला, आटपाडी लिहू, सोपं पडेल. भामाबाई अडून बसली. "मी जिथं जलमले तेच लिवा." शेवटी खंडाळ्याचं नाव पडलं, आणि त्यासाठी एक जादा खेप झाली. पुण्यात व्हिसाच्या कार्यालयात यंत्र तिच्या बोटांचे ठसे घेईना. दोर आणि काठी धरून धरून रेघा झिजलेल्या. तिथली मुलगी कंटाळून म्हणाली, "आजी, हात नीट पुसा ना." "पुसलेत बाई. आता हायत ती अशीच," भामाबाई म्हणाली आणि पुन्हा बोट ठेवलं. पुन्हा, आणि पुन्हा. घेतले एकदाचे.

कपड्यांवरून पल्लवीशी वाजलं. थंडी असते, पँट घाला, सगळ्याजणी घालतात. भामाबाईनं बूट कबूल केले, जाड मोजे कबूल केले, स्वेटर तर आनंदानं घेतला. लुगडं सोडलं नाही.

जूनमध्ये ती मंडळी निघाली. रोममध्ये दोन दिवस झाले, तिथं भामाबाईनं सगळं बघितलं, कुरकुर केली नाही. तिसऱ्या दिवशी ओर्नेल्ला आपली जुनाट गाडी घेऊन आली. गाडी डोंगर चढत गेली, झाडं संपली आणि समोर नुसता गवताचा माळ पसरला. पलीकडं उघडे कडे, त्यांच्या खाचांत अजून बर्फ. आणि माळावर मेंढरं.

भामाबाई उतरली. थोडं पुढं गेली आणि तिनं तोंडावर हात धरून हाळी घातली, पूर्वी घालायची तशी, लांब, शेवटी वर उचललेली. माळावर ती दूरवर गेली.

एकाही मेंढरानं मान वर केली नाही.

ती खो-खो हसत सुटली. "भाषा येगळी हाय त्यांची," ती म्हणाली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. कुत्री मात्र भुंकत आली, लांडग्यानं गळा धरू नये म्हणून त्यांच्या गळ्यात काट्यांचे पट्टे, तेव्हा ओर्नेल्लानं सगळ्यांना मागं उभं केलं. मेंढपाळानं येऊन हटकल्यावर कुत्री बसली.

मेंढपाळ तरुण होता आणि तिथला नव्हता. मॅसिडोनियाचा. ओर्नेल्ला म्हणाली, इथली पोरं आता हे करत नाहीत, शहरात जातात. मेंढरं इथल्यांची, राखणारे परमुलखातले. दुपारपर्यंत भामाबाई मेंढरांच्या मागं चालली, बसत, उठत, बरोबर पल्लवी आणि स्वप्नाली. सूरज गाडीपाशी थांबतो म्हणाला होता, पण थोड्या वेळानं तोही मागून आलेला दिसला.

एका खडकाशी सगळे टेकले. मेंढपाळानं पाव आणि चीज काढलं, भामाबाईनं धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. चटणीनं त्याचे कान लाल झाले. मग त्यानं भामाबाईकडं बघून काहीतरी विचारलं. ओर्नेल्लानं ते इंग्रजीत केलं, स्वप्नालीनं मराठीत.

"तो विचारतोय, तुमची मेंढरं किती आहेत?"

सूरज पुढं झाला. "त्याला सांग, आमचं चांदीचं..."

"मला इचारलंय," भामाबाई म्हणाली. "सांग त्याला. न्हाईत आता. इकली. माझ्या माघारी इकली, मला न इचारता."

स्वप्नाली वडिलांकडं बघून अडखळली.

"सांग," भामाबाई म्हणाली.

ते वाक्य इंग्रजीत गेलं, मग इटालियनमध्ये. दोन्ही वेळा सूरजला ते ऐकावं लागलं. मेंढपाळानं पावाचा तुकडा खाली ठेवला आणि सरळ सूरजकडं बघितलं. विकणारा कोण ते कुणी त्याला सांगितलं नव्हतं, तरी.

सूरजनं मूठभर गवत उपटलं. मग म्हणाला, "आई, तवा इचाराय पायजे हुतं."

"पायजे हुतं," ती म्हणाली. असू दे म्हणाली नाही, झालं गेलं म्हणाली नाही. धपाट्याचा एक तुकडा मात्र तिनं त्याच्या पुढं सरकवला, आणि त्यानं तो घेतला.

उतरताना तिचा गुडघा खरंच बोलायला लागला. सूरजनं खांदा दिला. तिनं तो धरला.

खाली खेड्यातल्या मुक्कामावर पोचताच पल्लवीचा फोन वाजला. तिची थोरली बहीण, पुण्याची. पडद्यावर तोंड येताच तिनं विचारलं, "मग, काय काय बघितलं? व्हेनिस झालं?"

पल्लवीनं एकदा सासूकडं बघितलं. भामाबाई पायरीवर बसून बूट काढत होती, लुगड्याला गवताची कुसळं चिकटलेली. पल्लवीनं फोन खाली वळवून स्वतःचे पाय दाखवले. पांढरे बूट, नवेकोरे घेतलेले, लेंड्यांनी माखलेले.

"हे बघ," ती म्हणाली. "दिवसभर मेंढरांच्या मागं चाललो. आमची जातच आहे ती, चालणाऱ्यांची. तुझं काय म्हणणं?"

तिकडून बहीण काय म्हणाली ते कुणाला ऐकू आलं नाही, कारण भामाबाई मोठ्यानं सांगत होती, "तिला म्हणावं, व्हेनिस परवा हाय. ते बी बघणार. काय सोडत न्हाई मी."