हॉलमधल्या राजाचा म्हाळ

मिलिटरीतून पेन्शनीवर आलेल्या जोतिबांना घर साहेबी दिसावं अशी लय हौस. त्यांनी इंग्रज राजाच्या राज्याभिषेकाच्या जुन्या चिनी मातीच्या बशीचं चित्र छापून आणलं आणि फ्रेम करून हॉलमध्ये टांगलं. बशीवर राजाचा दाढीवाला चेहरा.

पाटणहून आलेल्या रंगूआत्यानं फ्रेमला हात जोडले. “तुझं साहेब व्हय रं? कवा गेलं?”

समजावून सांगायचा कंटाळा आला, म्हणून जोतिबा म्हणाले, “लय वर्षं झाली.” तिथंच फसले.

पितृपंधरवड्यात वडलांचा म्हाळ घालताना आत्या अडून बसली, “साहेबाचं मीठ खाल्लंस न्हवं? मग त्याचंबी पान वाढ.”

पत्र्यावर दोन पानं मांडली. कावळा आला तो थेट राजाच्या पानाला शिवला.

जोतिबांनी कपाळाला हात लावला. “साहेब व्हायला निघालो आनि बापालाच लायनीत उभं केलं!”