भाऊजींची जुळवणी

गिटार मेहुण्याची, स्पीकर मेहुण्याचे, टेम्पोही मेहुण्याचा. अख्ख्या बॅन्डमध्ये लिफ्टवाल्याची स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे तारांची जुळवणी. आणि तीच मेहुण्याच्या डोळ्यात खुपली.

माणूस दिवसभर लिफ्टा दुरुस्त करायचा. नखांत ग्रीस, बोलणं तिरसट; हसला तर समजावं, कुणाचं तरी वाईट झालंय. संध्याकाळी बायकोच्या धाकट्या भावाच्या बॅन्डमध्ये बास गिटार वाजवायचा. ड्रमवर मी असायचो, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

बासला तारा चार. सगळे त्या एकाच रीतीनं लावतात. एका तारेपासून पुढची तार सा ते म एवढी वर. या गृहस्थानं ते मोडून सा ते प केलं. तिसरी तार तेवढी जागेवर ठेवली. जाड दोन्ही उतरवल्या, बारीक चढवली. उतरवलेली सगळ्यात जाड तार गिटारीच्या दांड्यावरच्या पट्ट्यांवर खडखडायला लागली, तर तिच्याहून जाड तार स्वतः शोधून आणली. सगळ्या बोटांच्या जागा पुन्हा पहिल्यापासून शिकला. त्यात वर्ष गेलं.

"कशाला हा उपद्व्याप?" मी एकदा विचारलं.

"मशीनखोलीत मोटार गुरगुरते ना, तिच्याही खाली जायचं होतं मला."

गंमत अशी, की ऐकणाऱ्याला काही वावगं वाटायचं नाही. गाणी तीच, सूर तेच. फक्त बास थेट पोटात उतरायचा. त्यानंतर सहा महिने मेहुणा याच जुळवणीवर डोळे मिटून गात होता.

मग एका कंपनीच्या पार्टीचा कार्यक्रम आला. दुपारी हॉलवर सगळं लावून झालं आणि लिफ्टवाल्याला बोलावणं आलं. कुठेतरी पाच माणसं लिफ्टमध्ये अडकली होती. तो गेला. मेहुण्यानं सहज म्हणून गिटार उचलली, तारा मोकळ्याच छेडल्या आणि तोंड वाकडं केलं.

"बहिरा झाला की काय हा माणूस!"

त्यानं मोबाईलवर सूर तपासायचं ॲप उघडलं आणि तो तारांजवळ धरला. लाल दिवा लागला की खुंटी पिळ, हिरवा लागला की पुढची तार. जाड तार ताणताना तर लाकूड करकरलं.

"विचार तरी त्यांना," मी म्हणालो.

"माझ्या गिटारीला हात लावायला लिफ्टची वाट बघू का?"

लिफ्टवाला धापा टाकत आला तेव्हा पडदा वर गेला होता. त्यानं पट्टा गळ्यात घातला. मी सांगायला तोंड उघडलं, तोवर मेहुण्यानं 'एक दोन तीन' म्हटलं होतं.

पुढचं विचारू नका. म्हैस जिन्यावरून घसरावी तसा बास आला. मेहुणा एका घरी, बास तिसऱ्याच घरी. पुढच्या रांगेतली माणसं एकमेकांना ढोसून हसायला लागली. लिफ्टवाल्याचा चेहरा पांढरा पडला. पण तिसऱ्या तारेवर बोट गेलं की सूर बरोबर लागत होता. दोनदा बरोबर लागला, तिसऱ्यांदा लागला, आणि त्यानं मान वळवून मेहुण्याकडे असं पाहिलं, की मेहुण्याच्या जागी मी असतो तर गाणं टाकून पळालो असतो. कान त्याचे शाबूत होते. हात दुसऱ्या कुणाचा लागला होता.

गाणं चालू असतानाच तो वाकला आणि खुंट्या पिळत बसला. दुसऱ्या गाण्याला बास पोटात उतरला, हसणारे नाचायला उठले.

पडदा पडल्यावर त्यानं विचारलं, "हात कुणी लावला?"

"बेसुरी होती भाऊजी, मी जुळवून दिली. उपकार माना."

"तुझा उपकार पहिल्या गाण्यात ऐकला सगळ्यांनी."

"हे बघा, चार लोक लावतात तशी लावायची, नाहीतर घरी बसायचं. ताईकडे बघून सांभाळून घेतोय तुम्हाला."

"सांभाळतोस? कळलं तरी होतं का रे सहा महिन्यांत तुला?"

"तुमचं काही जुळतच नाही कुणाशी! गिटार ठेवा खाली."

लिफ्टवाल्यानं गिटार मांडीवर घेतली. वाटलं, आता आपटतो. त्यानं शांतपणे सगळ्यात जाड तार सोडवली, वेटोळं करून खिशात घातली आणि तीन तारांची गिटार मेहुण्याच्या हातात दिली.

"ही माझी. त्या तुझ्या. जुळव."

घरी बायको म्हणाली म्हणे, "अहो, एकदा ऐकलं असतं माझ्या भावाचं तर काय बिघडलं असतं?"

"सहा महिने ऐकलंय. गाताना," एवढं बोलून तो जेवायला बसला. त्यानंतर तो बॅन्डकडे फिरकला नाही.

आता नवा पोरगा बास वाजवतो. चार लोकांसारखा लावतो, चुकत नाही. मेहुणा प्रत्येक कार्यक्रमात स्पीकरची बटणं पिळत बसतो आणि माझ्यावर खेकसतो, "खालचा आवाज गेला कुठे?"

मला माहीत आहे. मी सांगत नाही.